पेठेतल्या घरांचा आरपार कोनाडा

मंडळी, आज मुरबाडच्या जुन्या पेठेत एका घराच्या दुरुस्तीचं माप घ्यायला गेलो होतो. ओळीने सात घरं, दर दोन घरांत एकच भिंत. मातीची, हातभर जाड, आणि अजून ओळंब्याला सरळ!

स्वयंपाकघरातला कोनाडा मात्र आरपार होता. बुजवायचा म्हणून मी खडूने फुली मारली.

तेवढ्यात पलीकडून विरजणाची वाटी घेतलेला हात आला. "घे गो," शेजारीणबाई म्हणाल्या.

घरमालकीण हसल्या. "आमच्या सासवांनी गवंड्याला सांगून ठेवलाय हा. बुजवायचा नाय."

"आणि भांडण झालं तर?"

"तवा पन वाटी येते. बोलनं नाय येत."

मी गुपचूप फुली पुसली.

तुमच्या भिंतीतून काय येतं हो? आमच्याकडे फक्त ड्रिलचा आवाज!