रिपोर्टमधला लाल डाग

"कुंकू कुठंय?" बापट काकांनी विचारलं.

चित्र इझलवर होतं आणि मी कौतुकाची वाट बघत शेजारी उभी होते. सहा आठवडे खपले होते त्याच्यावर.

"कसलं कुंकू, काका?"

"तिच्या कपाळावरचं."

मी पेंटिंग कॉन्झर्व्हेटर आहे. म्हणजे जुनी चित्रं साफ करते. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये बाकी सगळे सॉफ्टवेअरमध्ये. मी एकटी कापसाचे बोळे घेऊन बसते. माझी मुलगी मैत्रिणींना सांगते, "ममा क्लीन्स स्टफ." चूक नाही त्यात काही.

चित्र एकोणिसाव्या शतकातलं, इंग्लंडमधलं. खिडकीशी बसलेली बाई, गडद कपडे, मांडीवर पाकीट. चित्रकाराची सही नाही. काका-काकूंनी ते फार पूर्वी एका इस्टेट सेलमध्ये घेतलं होतं. माणूस गेला की त्याच्या घरातलं सामान तिथे विकायला काढतात. सुमनकाकू गेल्या वर्षी गेल्या. काका आता घर सोडून सीनियर होममध्ये निघाले होते. एक खोली, एक भिंत. न्यायचं ते एवढंच चित्र.

अशा चित्रावर व्हर्निश असतं, म्हणजे वरून दिलेला पारदर्शक लेप. वर्षानुवर्षांनी तो तपकिरी होतो. सॉल्व्हंटमध्ये बोळा बुडवून तो हळूहळू काढायचा. चित्रकाराच्या हातचं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं काढायचं, हा आमचा नियम.

लेप निघाला तसा त्या पाकिटाला काळा काठ दिसला. त्या काळी तिकडे मृत्यूची बातमी काळ्या काठाच्या पाकिटातून यायची. कपडेही नुसते गडद नव्हते, दुखवट्याचे होते. नवरा गेल्याचं कळलेली बाई होती ती. मी खूश. हे सगळं काकांना मी नुकतंच बोट दाखवून दाखवून समजावलं होतं. त्यावर त्यांनी कुंकवाचं विचारलं.

मी कॉम्प्युटरवर साफ करण्याआधीचा फोटो उघडला. कपाळावर, व्हर्निशच्याही वर, मसुराएवढा ठिपका. रिपोर्टमध्ये माझेच शब्द: 'नंतर पडलेला लाल डाग. काढला.' फोटो मोठा केला, तर डागात बोटाच्या रेषा दिसत होत्या.

"सुमन म्हणायची, हिचा नवरा बोटीवर आहे, पत्र आलंय, म्हणजे आता येईलच," काका म्हणाले. "चैत्रात हळदीकुंकवाला बायका जमल्या की हिलाही लावायची. मी ओरडायचो, अगं ऑइल पेंटिंग आहे ते."

"तुम्ही आधी बोलला असतात तर..."

"अमेरिकन माणसाला सांगितलं असतं. तू आपली म्हणून तुझ्याकडे दिलं."

मी टिकली लावते ती दिवाळी पार्टीला, तीही पार्किंगमध्ये आठवलं तर. पण हे काही त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

"मी परत लावून देऊ? हुबेहूब जमेल मला."

"तू लावलेलं घेऊन काय करू?" काका चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. "घरातून निघाली तेव्हा सवाष्ण होती गं."

त्या दिवसांतले बोळे केव्हाच फेकले गेले होते. तरी मी आत जाऊन कचऱ्याचा डबा बघून आले.

काकांनी तो आधीचा फोटो प्रिंट करून मागितला. चित्र मुलाकडे पाठवून द्यायला सांगितलं.

मध्ये एकदा मी त्यांच्याकडे जाऊन आले. भिंतीवर तो मळका फोटो आहे. प्रिंटमध्ये ठिपका जरा फिकट आलाय. काकांनी चहा केला.

काम घेताना भरायच्या फॉर्मवर मी आता एक ओळ वाढवली आहे: 'चित्रावर घरच्यांच्या हातचं काही आहे का?' माझी बॉस मार्था ती वाचून म्हणाली, "हे तोंडी विचारता आलं असतं."

आलं असतं. मराठीत.