शेवटच्या बाकावरचे भाऊ

रिमांड होममधून सुटलेल्या मुलाला पुन्हा शाळेत घालायचं म्हणजे हेडमास्तरांच्या टेबलावर दाखला ठेवायचा, हात जोडायचे आणि निघून यायचं, अशी सगळ्यांची रीत. भाऊ मात्र त्या मुलाबरोबर आठ दिवस स्वतः वर्गात बसायचे. शेवटच्या बाकावर, वही-पेन्सिल घेऊन. माणूस सहा फुटांचा, गुडघे काही बाकात मावायचे नाहीत, म्हणून तिरके बसायचे.

हुद्द्याने ते सुटून आलेल्या आम्हा मुलांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, पण कुणी साहेब म्हटलं की वैतागायचे. आमच्या हेडमास्तरांनी विचारलं, "हे वर्गात बसणं कशासाठी?" भाऊ म्हणाले, "मी गावच्या शाळेत दाराबाहीर बसून शिकलो, सर. बाकावर बसाची हौस राहून गेली."

मी कन्हानचा. मालगाडीतला कोळसा चोरताना सापडलो होतो आणि वर्षभर आत राहून नागपूरच्या शाळेत सातवीत आलो होतो. इथे टिकलो नाही तर परत कोळसाच, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी गणित घातलं: एका नळाने हौद चार तासांत भरतो, दुसऱ्याने बारा तासांत; दोन्ही उघडले तर किती वेळ लागेल? भाऊंनी हात वर केला. "सोळा तास." वर्ग पोट धरून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ हळूच म्हणाले, "हासू दे गा. माह्यावर हासून राहिले, तवरीक तुह्याकडे कोनी पाहत नाही."

पाचव्या दिवशी एकाची कंपासपेटी हरवली. गुरुजी सरळ माझ्याकडे यायला निघाले. भाऊ उठले, गुडघा बाकावर आपटला तरी उठले आणि आपला झोळा टेबलावर उपडा केला. दोन भाकरी, चष्म्याचं घर, वही. "वर्गात नवे आमी दोघं, गुरुजी. पयले मोठ्याचं पाहा. मंग याचं, मंग ओळीनं सगळ्यायचं." गुरुजींनी खरोखरच ओळीने सगळ्यांची दप्तरं पाहिली. पेटी शेवटपर्यंत मिळाली नाही. पण त्या दिवशी माझं दप्तर चाळीस दप्तरांतलं एक होतं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

नवव्या दिवशी भाऊ आले नाहीत. त्यांची जागा मोकळी राहू नये म्हणून मी तिथे दप्तर ठेवलं. कंपासपेटी हरवलेला मुलगाच मागे आला. "सरक बे," म्हणाला आणि दप्तर उचलून माझ्या मांडीवर ठेवून बसला. तो माझा आयुष्यभराचा मित्र झाला.

भाऊ आता नाहीत. अशी किती मुलं त्यांनी बाकावर बसवली, त्याची यादी त्यांनी कधी ठेवली नाही. पण एक दिवस माझ्याजवळ आहे. मी त्याच शाळेत गणित शिकवायला लागलो, तेव्हा रिटायर झालेले भाऊ न सांगता आले आणि तिरके होऊन शेवटच्या बाकावर बसले. मला खोडी सुचली. फळ्यावर तेच दोन नळांचं गणित घातलं.

माझं लिहून व्हायच्या आत भाऊंनी हात वर केला. मुलं वळून पाहू लागली. भाऊ बाकाला धरून सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, "तीन तास, गुरुजी."