बुटांच्या तळांची चाकं

आबांना एकट्यानं संडासला जायचं होतं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. एसटीच्या फेऱ्यांसाठी, प्यायच्या पाण्यासाठी, बाजाराच्या गावी बायकांना आडोसा मिळावा म्हणून. पण इतकी साधी मागणी माझ्या एकाही पत्रकात आली नव्हती, आणि ती आली ती माझ्याच घरातून. कौलं चाळायला माझे वडील छपरावर चढले आणि उतरले ते शिडीनं नाही. खुब्यात सळई बसली. डॉक्टर म्हणाले, आता चालते राहिले तर चालतील, बसले तर बसूनच राहतील. दवाखान्यातून परतताना टेम्पोत आमच्याबरोबर एक वॉकर आला. चार पायांचा, चकचकीत, पायांना रबरी बुचं.

आमचं घर पालीच्या अलीकडच्या एका वाडीत. राजगड समोर आहे असं म्हणायचं, श्रावणात तो कुणाला दिसत नाही. ढग अंगणात येऊन बसतात, गोठ्यातली गाय धुरातून बघितल्यासारखी दिसते, आणि परसात जिथं पाय टाकाल तिथं तो घोट्यापर्यंत आत जातो. संडास त्या परसाच्या पार टोकाला. वॉकरचे पाय नळीएवढे. दोन पावलं टाकली की तो भाताच्या रोपासारखा चिखलात उभा राही. उपटायला दोन माणसं लागत.

म्हणून आबा आईच्या खांद्यावर हात टाकून जात, मी मागून. दार लोटायचं, लावायचं नाही, कारण आतच तोल गेला तर. आई बाहेर पाठ करून उभी. ज्या माणसानं जन्मात कुणाकडं पाण्याचा तांब्या मागितला नाही, तो दाराच्या फटीतून बायकोला म्हणायचा, "हायेस न्हवं?" पुढं पुढं त्यांनी दुपारनंतर पाणी प्यायचंच सोडलं. तहान न्हाई म्हणायचे. ओठ फुटले तरी तहान न्हाई.

मला संताप येई. हा वॉकर ज्यानं बनवला त्यानं आयुष्यात फक्त फरशी बघितली आहे. हाड मोडायचं असेल तर आधी घराला फरशी घाला, परसाला कोबा घाला, मग खुशाल पडा, असा त्याचा सरळ अर्थ होतो. चिखल तुडवून भात पिकवणाऱ्यांचे पाय यांच्या हिशेबातच नाहीत. हे सगळं मी चुलीपुढं मोठ्यानं बोलत होते. आई भाकरी उलटत म्हणाली, "लई ब्येस. लिही. आन ते कागद परसात आंथर, म्हंजी पाय तरी रुतायचा न्हाई."

आम्ही पोती अंथरली, ती घसरली. दगडी चिपा टाकल्या, त्यांवरून बुचं सटकली. पुण्याहून भावाचा फोन आला, पाऊस उघडला की कोबा करून घेऊ. आबांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. "पाऊस उघडंस्तवर मी काय करू, त्ये सांग," म्हणाले. मग आबाच म्हणाले, "जेवलास का?"

त्या दिवसांत मी दुपारची पडवीत आडवी पडून राही. कौलांमध्ये एक काचेचं कौल आहे, त्यातून राखाडी उजेडाची एक पट्टी खाली येते आणि जमिनीवर अगदी सावकाश सरकत राहते. पावसाचा आवाज इतका सलग की तो आहे हेच विसरायला होतं. पडल्या पडल्या मला कळेनासं व्हायचं, मी आता किती वर्षांची आहे. याच पट्टीत बसून आबा सगळं दुरुस्त करायचे. गळकी बादली उलटी करायची, उलथनं लाल होईस्तोवर तापवायचं, जुन्या डब्याचा तुकडा भोकावर ठेवून दाबायचं. प्लॅस्टिकचा तो गोडसर जळका वास मला अजून झोपेत येतो. छत्री मोडली की तिच्या काड्यांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं असे. आमच्या घरात कुठलीच वस्तू मरत नसे, ती दुसऱ्या कशात तरी निघून जाई. आणि बहुतेक वेळा ती आमच्या खेळण्यांत यायची.

सगळ्यांत मोठी चैन म्हणजे गाडी. गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांच्या बुटांचे तळ पावसात उखडतात. वर्षभर कपाटात पडलेले बूट घालून येतात आणि अर्ध्या वाटेत तळ जीभ काढतो. ते तो तिथंच टाकतात आणि उरलेल्या बुटाला सुतळी बांधून लंगडत उतरतात. आबा सरपणाला गेले की हे तळ मोळीत खोचून आणायचे. वाटी ठेवून खडूनं गोल आखायचा, कोयत्याच्या टोकानं कापायचा, तापल्या तारेनं मधोमध भोक. छत्रीच्या काडीचा आस, पुढं बांबूची लांब काठी. त्या चाकांवर नक्षी असे, कुठं बाण, कुठं चौकटी, आणि ओल्या बांधावरून गाडी गेली की मागं परक्या पायांची रांग उमटायची. मी त्या खुणांकडं वळून बघत पळायची. मला वाटायचं, मुंबईचं कुणीतरी अदृश्य माणूस माझ्यामागून चालत येतंय, आणि मी थांबले की तेही थांबतंय. भाऊ म्हणायचा, येडी हाय ही. आबा म्हणायचे, "आसंल बाबा. त्याचा बूट हितं ऱ्हायलाय, त्यो हुडकत आला आसंल."

अशाच एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते, तेवढ्यात आबांचा आवाज आला. "बाय, झोपलीस का? माळ्यावर जुनं पोतं हाय, त्ये काढ."

पोत्यात तळ होते. आम्ही मोठे झालो तरी ते गोळा करायचे थांबले नव्हते.

"आता कुणाला गाडी करताय?" मी विचारलं.

"मला," आबा म्हणाले.

त्यांनी खाटेवर बसूनच कोयता मागितला. आईनं दिला, पण शेजारीच ठाण मांडून बसली, हात कापाल, म्हणत. आबांनी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत वॉकरच्या पुढच्या आणि मागच्या पायांना बांबूची एकेक काठी बांधली गेली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी, आणि काठ्यांच्या टोकांना चार चाकं. वाटीऐवजी या वेळी बशी ठेवून आखलेली. आमच्या घरात ज्याला पाय आहेत त्याला चाकं लावायची, ही पहिली समजूत. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मला ते फार सुंदर दिसलं.

आई म्हणाली, आधी मोकळं बघू. तिनं परसाच्या उंबऱ्यावरून वॉकर नुसता टेकवला. परसाला उतार आहे हे तिघांच्याही ध्यानात नव्हतं. वॉकर निघाला. घाई नाही, गडबड नाही, पाहुणा उठून जावा तसा डुलत डुलत धुक्यात गेला आणि गोठ्याच्या मेढीला टेकला. गाईनं त्याची मूठ चाटली.

आम्ही उंबऱ्यावर उभे होतो, मधे आबा, दोन्ही बाजूंनी आम्ही. आई म्हणाली, "आवं, तुमी आसता त्येच्यासंगं तर आत्ता गव्हाणीत आसता."

"वैरण तरी मिळाली आसती येळेवर," आबा म्हणाले.

हसता हसता त्यांचा भार माझ्यावर आला आणि मला कळलं ते किती हलके झालेत. मग ते हसायचे थांबले. खाटेवर बसले आणि भिंतीकडं तोंड केलं. आईनं चहा पुढं ठेवला. त्यांनी घेतला नाही, कारण चहा घेतला की जावं लागतं. मी आत जाऊन कागद काढला, पत्रक लिहायला बसले आणि एक ओळही आली नाही.

सकाळी जाग आली ती जळक्या रबराच्या वासानं. आबांनी आईकडून चाकं सोडवून घेतली होती. आता त्यांनी ती उभी नाही, आडवी धरली. भोक नळीएवढं मोठं केलं, रबरी बूच काढून पायाची नळी चाकातून खाली ओढली, बूच पुन्हा बसवलं, वरून ट्यूबची पट्टी आवळली, चाक वर सरकू नये म्हणून. नक्षी खाली. चार पायांना चार बशा.

"आता हे पळायचं न्हाई," आबा म्हणाले. "चिखलावर बसंल. म्हशीच्या खुरावानी."

परसात उतरलो. वॉकरचा पाय चिखलात गेला, बशीपाशी आला आणि थांबला. आबांनी भार दिला. थांबलेलाच होता. त्यांनी दुसऱ्यांदा भार दिला, आणखी जोरात, जणू त्याच्याशी भांडण काढायचं होतं. मग पाऊल. पाय काढताना चिखल ओठ वाजवल्यासारखा आवाज करी. आई खांदा पुढं करून चालली होती, त्यांनी तो नुसत्या नजरेनं बाजूला केला. मी मागून जाऊ लागले.

"तू कुठं?" आबा म्हणाले.

मी थांबले. आईही थांबली. ढग इतका खाली होता की ते गोठ्यापलीकडं गेले तेव्हा फक्त बनियनचा पांढरा डाग दिसत होता, मग तोही नाही. नुसता तो आवाज, पाय रुतल्याचा आणि निघाल्याचा, मधे विसावा, पुन्हा आवाज. आईनं माझा दंड धरला होता. आवाज बंद झाला. कितीतरी वेळ काहीच नाही, पागोळ्या तेवढ्या.

मग दार लागल्याचा आवाज आला, आणि कडी. इतक्या दिवसांनी त्यांच्या हातानं ओढलेली, गंजलेली, करकरत बसलेली कडी.

आईच्यानं राहवलं नाही. "आवं," तिनं ढगात हाक मारली, "कडी कशापायी लावली? पडलं बिडलं तर?"

"मानूस आत गेल्यावर कुणी हाका मारतं व्हय," आबा आतून म्हणाले. "जा, पानी तापव. आन पेला भरून ठेव प्यायला."