मधली चौकट

आमच्या नळांच्या कंपनीत त्यांना सगळे बाणराव म्हणतात. साहेबांच्या डोक्यात काहीही आलं, की त्याच्या चौकटी पाडायच्या, चौकटींना बाण जोडायचे आणि स्लाइड भिंतीवर झळकवायची, हेच त्यांचं काम. मी शेजारच्या टेबलावर बसते, आवक-जावक बघते. एकेक बाण सरळ करताना हा माणूस श्वास रोखून धरतो, खोटं नाही सांगत!

बायको शाळेत शिक्षिका, म्हणून ती आणि सहा वर्षांची लेक दुसऱ्या गावी. चार वर्षं हा बिचारा फक्त रविवारचा बाप. यंदा तिथल्या आमच्या शाखेत एक जागा रिकामी झाली. बाणरावांनी बदलीचा अर्ज लिहिला आणि नेमकं त्याच आठवड्यात साहेबांना धोरण सुचलं.

‘धोरणाच्या पायऱ्या’ अशी स्लाइड. विनंती, छाननी, चर्चा, फेरविचार. फेरविचारातून एक बाण परत विनंतीकडे, आणि सगळं ठीक असेल तर दुसरा बाहेर, ‘मंजूर’कडे. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं.

“हे शेपूट कशाला बाहेर आलंय? गोल करा की छान!”

केलं गोल. ‘मंजूर’ची चौकट उचलून मधोमध ठेवली, हिरवीगार, सावलीसकट. तिच्याकडे जाणारा बाण मात्र कुठूनही काढला तरी गोलाची शोभा जायची. मग बाणरावांनी तो स्वतःच्या हातानं पुसून टाकला. सभेत टाळ्यांचा कडकडाट! दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, यापुढे प्रत्येक कागद याच वाटेनं जाईल. आणि पहिला कागद कुणाचा? बाणरावांचाच.

अर्ज तीनदा फिरून माझ्या टेबलावर आला. कुणी अडवला नाही हो, प्रत्येकानं इमानेइतबारे पुढच्या चौकटीत ढकलला. शेवटी मीच त्यांना साहेबांकडे पिटाळलं.

“साहेब, स्लाइडमध्ये एक बाण राहिलाय,” ते चाचरत म्हणाले.

“असेल. दुरुस्तीची विनंती टाका ना,” साहेब म्हणाले. “पहिल्या चौकटीपासून.”

काल ती जागा भरली. बाहेरचा उमेदवार घेतला, त्याला आमची स्लाइड लागू नव्हती. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! आणि बाणराव? पुढच्या वर्षीची स्लाइड करत बसले होते. गोलच.

त्यांनी घरचा फोन उचलला नाही, म्हणून वहिनींनी मला लावला.

“अहो, अर्ज फेरविचारात पोचला म्हणे? ती शेवटचीच चौकट ना? मी यांच्या कपड्यांसाठी कपाटाचा एक खण रिकामा केलाय. लेक रोज उघडून बघते.”

मी बाणरावांकडे पाहिलं. ते श्वास रोखून बाण सरळ करत होते.

“हो वहिनी,” मी म्हटलं, “शेवटचीच.”