हात न लावणारे साडूभाऊ

मदत मागायला आलेल्या माणसाला इतक्या प्रेमाने छळणारा इसम अख्ख्या ओमानमध्ये माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नसेल. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ते मला लग्नाबरोबर मिळाले, आणि पुढे नोकरीने मला मस्कतला आणून टाकलं तेव्हा विमानतळावर घ्यायलाही तेच आले. मूळचे राजापूरजवळच्या खेड्यातले. एका मोठ्या इमारतीच्या लिफ्ट, पंप आणि एसी सांभाळण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. त्यांचा हात लागला की बंद पडलेलं यंत्र निमूट चालू होतं अशी ख्याती होती, पण ड्युटी संपल्यावर तो हात कशाला लागेल तर शपथ! एकदा ते जेवायला आले असताना आमचा मिक्सर चटणीसकट बंद पडला. "भाऊजी, जरा बघता का?" बायको म्हणाली. भाऊजींनी बघितलं. म्हणजे खुर्ची ओढून समोर बसले आणि नुसतं बघत राहिले. "उघडा तुम्ही, मी आहे इथे," म्हणाले. पाऊण तास ती ओट्यापाशी स्क्रू पिळत होती, आमटी गार होत होती, आणि हे दोन्ही हात मागे बांधून "तो नव्हे, त्याच्या बाजूचा" एवढंच म्हणत होते. त्या दिवशी ती त्यांच्यावर भयंकर चिडली. हल्ली आमच्या बिल्डिंगमधले सगळे मिक्सर तीच उघडते.

हा छळ सार्वजनिक व्हायला कारणीभूत झाला त्यांचा घरमालक. या ओमानी म्हाताऱ्याला सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. त्याच्या खाबुरा गावच्या शेतावरचा पंप बंद पडला होता, तो साडूंनी अर्बाबला स्वतःच्या हातांनी उघडायला लावला. पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशावर ग्रीस माखलेला तो म्हातारा पंपातून पाणी येताच लहान मुलासारखा हसला आणि म्हणाला, काय हवं ते माग. दुसरा कोणी असता तर घरभाडं कमी करून घेतलं असतं. साडूंनी घरामागचं रिकामं गॅरेज मागून घेतलं, शुक्रवारी सकाळपुरतं. तिथे त्यांनी सायकली दुरुस्त करण्याचं फुकट केंद्र सुरू केलं, आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं की इथे सायकल दुरुस्त करून मिळणार नाही.

अल मवालेहच्या भाजी बाजारातले हमाल, बंगल्यांमधले माळी, इमारती झाडणारी माणसं यायची. त्यांची सायकल बंद म्हणजे पहाटेची ड्युटी चुकली. बिचारे आशेने सायकल पुढे करायचे आणि साडू हात मागे घ्यायचे. "हम हाथ नहीं लगाएगा. तुम करो, हम देखेगा." वर आणखी एक नियम होता. आदल्या शुक्रवारी जो जे शिकला, त्यानेच ते पुढच्याला शिकवायचं. आमच्या ऑफिसातले एक साहेब मदिनत सुलतान काबूस या बड्यांच्या वस्तीत राहायचे. ते माझ्या ओळखीने आपली महागडी सायकल घेऊन आले, ती भिंतीला टेकवली आणि "कितने बजे आऊँ?" असं विचारून गाडीकडे वळले. "कुठे निघालात?" म्हणत साडूंनी त्यांना परत आणलं आणि बटाट्याची पोती वाहणाऱ्या एका बांगलादेशी हमालाच्या शेजारी जमिनीवर बसवलं. तो हमाल साहेबांवर असा काही डाफरत होता की मीच चोरासारखा झालो. "आस्ते साब, आस्ते! ये आलू का बोरी नहीं है!" रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात साहेब आपली काळी नखं प्रत्येकाला दाखवत फिरले.

मीही सुटलो नाही. माझ्या पहिल्या पंक्चरच्या वेळी मी ठिगळ उत्तम लावलं, पण टायर परत चढवताना पान्याच्या टोकाने ट्यूबला आणखी दोन भोकं पाडली. मला वाटलं, आता तरी हा माणूस पुढे होईल. पण कोणाचं काही बिघडलं की साडूंचा चेहरा असा फुलायचा, जणू घरी पाहुणे आले. चेन उलटी बसवणारा, चाकातले छर्रे सगळ्या फरशीवर सांडणारा, ब्रेक इतका आवळणारा की सायकल ढकलताही येऊ नये, अशा लोकांना ते मुद्दाम पुढे बोलावून सगळ्यांसमोर त्यांची चूक उलगडून दाखवत, आणि त्यात टिंगल नावालाही नसे.

शेवटचा अर्धा तास चित्रकलेचा. ज्याची सायकल चालू झाली त्याने आपल्या मडगार्डवर आपल्या गावच्या घराच्या दारातून काय दिसतं ते रंगवायचं. पन्नाशीची माणसं ब्रश धरून घामाघूम व्हायची. एका माळ्याने काढलेली होडी हुबेहूब चपलेसारखी दिसत होती. मी ती जरा सुधारायला गेलो तर साडूंनी मला तिथून अक्षरशः उठवलं. माझी मुलगी एकदा मडगार्ड मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहिली होती. "काका, पण माझा घर तर इथेच आहे. मी काय काढू?" साडू म्हणाले, "मग इथलंच काढ गो." तिने समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी काढली. साडूंनी अर्बाबला बोलावून ती टाकी दाखवली, आणि अर्बाबनेही ती गंभीरपणे पाहून मान डोलावली. जुम्म्याच्या नमाजाआधी तो कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, आणि खजूर घेऊन यायचा आणि उलट्या बादलीवर बसून गप्पा मारायचा.

मग साडूंचं वय झालं. इथे नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो, त्यामुळे गाशा गुंडाळण्यावाचून इलाज नव्हता. गॅरेज कोणाकडे सोपवायचं हा प्रश्न त्यांना महिनाभर खात होता. हमाल आणि माळी यांची ड्युटी कधी कुठे लागेल याचा नेम नसतो, आणि अर्बाबला एक कायमचा, जबाबदार माणूस हवा होता. सगळं फिरून ते माझ्यावर आलं. किल्ली माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, "साडूभाऊ, बाकी काही येऊ नये तुम्हाला, चालेल. हात तेवढे मागे ठेवा." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. तेव्हा मला ते फार सोपं वाटलं होतं.

तिसऱ्याच शुक्रवारी माझ्याकडे बारा वाजता पाहुणे यायचे होते आणि एक गृहस्थ तासभर एकाच चेनशी झटापट करत होते. मी घड्याळ बघत होतो. शेवटी मला राहवलं नाही. "दे इधर," म्हणून मी पाना त्यांच्या हातातून घेतला आणि पाच मिनिटांत चेन चढवून दिली. त्यांनी वाकून सलाम केला, आणि खोटं कशाला सांगू, मला तो आवडला. पुढच्या शुक्रवारी चौघांनी आपापल्या सायकली थेट माझ्यापुढे आणून ठेवल्या. मला एकट्याला ते झेपेना, म्हणून मी बाजारातला एक मेकॅनिक ठरवला. मग रांग लागली, म्हणून ऑफिसच्या सवयीने टोकन काढले. वेळापत्रक छापलं, लॅमिनेट करून दारावर लावलं. रंगांचे डबे वाटेत येत होते ते फळीवर चढवले. मला मनापासून वाटत होतं की मी साडूंचा गबाळा कारभार मार्गी लावतोय. माणसं सायकल ठेवायची, टोकन घ्यायची, निघून जायची. कोणाला कोणाशी बोलायचं कारणच उरलं नव्हतं. दोन महिन्यांनी मेकॅनिक म्हणाला, साब, दुकान तो मेरा पास में है, इधर काय को? आणि गिऱ्हाइकं घेऊन तोही गेला.

दर शुक्रवारी दुपारी साडूंचा राजापूरहून फोन यायचा. "काय झालं आज?" एवढाच प्रश्न असायचा. पहिल्यांदा मी म्हणालो, गर्दी होती. ते खरं होतं. पुढे गर्दी उरली नाही, पण सांगायची तोंडाला सवय लागली होती. आज एका केरळी सुताराने अख्खं चाक बांधलं. आज एका नेपाळ्याने तिघांना ब्रेक शिकवले. रिकाम्या गॅरेजात बसून मी दुपारसाठी माणसं तयार करायचो, आणि पलीकडून "वा! वा!" ऐकू आलं की मी घाईने विषय बदलायचो. तरी पुढच्या शुक्रवारी नवा माणूस तयार असायचाच.

मग एका शुक्रवारी अर्बाब कावा घेऊन आला, बादलीवर बसला आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिला. "आदमी लोग किधर गया?" त्याने विचारलं. कावा संपल्यावर तो हळूच म्हणाला, मुलाने दुसरी गाडी घेतलीय, ठेवायला जागा नाही. "खलास?" मी विचारलं. "खलास," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने गॅरेज काढून घेतलं असं मी लोकांना सांगतो, पण ते मी आधीच बंद पाडलं होतं.

त्या शुक्रवारी फोन मी केला. पहिल्यांदा पाना हिसकावला तिथपासून सगळं सांगितलं. मग साडू म्हणाले, "मला ठाऊक होतं हो."

"कसं? अर्बाब बोलला?"

"नाही. तुम्ही सांगायचात त्यात कधी कोणाचं काही चुकतच नव्हतं." आणि मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवलात का?"

त्यांनी मला शिव्या घालायला हव्या होत्या. ज्या केंद्रासाठी त्यांनी आयुष्यात एकदाच कोणाकडे काही मागितलं, ते मी बुडवलं होतं, आणि वर महिनोन् महिने थापा मारत होतो. त्या सगळ्या थापा ऐकताना त्यांनी मला एकदाही टोकलं नाही. माझं मला उमगेल म्हणून ते थांबले होते, आणि मला उमगेपर्यंत गॅरेजात अर्बाबच्या मुलाची गाडी लागली होती. अजूनही शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन येतो. तिकडे ऊन किती आहे, पोरीचा अभ्यास काय म्हणतो, सगळं विचारतात. सायकलींचा विषय ते काढत नाहीत, आणि मला काढवत नाही.