वर मेव्लिदा, खाली झियाद

मेव्लिदा एकोणीस वर्षं बुटांचे वरचे भाग शिवत होती. सगळा जन्म हातभर उंचीच्या स्टुलावर गेला. कारखाना बंद पडला तेव्हा बोस्नियातल्या झेनित्सा गावच्या रोजगार कचेरीनं तिच्यापुढं यादी सरकवली : बेकरी, म्हाताऱ्यांची सेवा, क्रेन. बेकरीतली जागा आदल्या दिवशीच भरली होती. म्हाताऱ्यांची सेवा म्हणजे स्लोव्हेनियात जाऊन राहायचं, आणि इथं घरात रेफिक. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिच्या नवऱ्याला एकट्याला जिना उतरता येत नव्हता. राहता राहिली क्रेन.

"क्रेनवर बायकाच असतात आपल्याकडं," कचेरीतली पोरगी म्हणाली.

ते खरंच होतं. या गावात लोखंड वितळायला लागल्यापासून वर बाई आणि खाली बाप्या अशीच रीत. बाईचा हात हलका, म्हणायचे. पण बाईच्या पोटात भीतीचा गोळा असला तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं. मेव्लिदानं अर्जावर 'उंचीची भीती नाही' या ओळीपुढं खूण केली. एकेचाळीस वर्षांत तिनं लिहिलेलं हे पहिलं धडधडीत खोटं.

दोन महिने फळ्यासमोर गेले. पुढचे चार ओतशाळेत, वितळलेलं लोखंड साच्यांत ओततात तिथं, सगळे जिला आत्या म्हणायचे त्या वाहिदाआत्याच्या हाताखाली. आत्याची तेहतीस वर्षं छपराखालच्या क्रेनच्या काचेच्या खोलीत गेली होती; आता निवृत्तीला आली होती आणि तिच्या जागी बाई हवी होती. पहिल्याच दिवशी मेव्लिदा चौतीस पायऱ्यांची शिडी चढली तेव्हा आत्या वरून ओरडली, "आगं, शिडीला मिठी मारून काय चढतीस? नवरा हाय का तो?"

मेव्लिदा वर पोचली. जाळीच्या पत्र्यातून बारा मीटर खाली वाळूचे साचे दिसत होते आणि त्यांच्यावर वाकलेली माणसं. तिचे गुडघे लटलटायला लागले. आत्यानं ते पाहिलं, थर्मासमधली कॉफी ओतली, आणि त्यावर कधीच काही बोलली नाही.

बोलली ती दुसरंच. "हे बघ. 'चल' म्हणायचा हक्क एकट्याचा. खाली हुक बांधतोय न्हवं, त्या झियादचा. पण 'थांब' म्हणायचा हक्क सगळ्यांचा. झाडूवाल्याचा, पाव्हण्याचा, कुत्र्याला हात आसता तर कुत्र्याचा बी. हात वर दिसला की थांबायचं. का, ते तू इचारायचं न्हाई. झियाद त्या माणसाकडं जाणार, इचारणार, मग तुला खूण करणार. तवर हलायचं न्हाई."

"आणि रसाचं भांडं, ते लॅडल, झुलायला लागलं तर?"

"झुलणारच. नवी बाई त्याच्या मागं क्रेन पळवती, मग ते दुप्पट झुलतं. तू हात मांडीवर ठेवायचं, नव्या नवरीवानी. दम धरला की आपोआप थांबतंय."

झियाद तोंडाळ गडी. पन्नाशीचा, हेल्मेट काढलं की चकचकीत टक्कल. रोज सकाळी वर बघून हाक मारायचा, "वैनी, माझं डोकं दिसतंय का वरनं? दिवा समजून त्यावर नेम धरू नका बरं का!" सगळी ओतशाळा हसायची. मेव्लिदाही हसायची. पण तिसऱ्या महिन्यात एकदा तिच्या हातून रिकामा हुक त्याच्या कानाजवळून गेला, तीन बोटांच्या अंतरानं. झियादनं कान चाचपला आणि ओरडला, "हाय बगा, हाय अजून!" त्या दिवशी डब्यातली पिता, बटाटा भरलेली पापुद्र्यांची वळकटी, तशीच घरी परत गेली. त्यानंतर तिला झोपेत हुक दिसायचा. हुकाखाली कधी झियाद असायचा, कधी रेफिक.

परीक्षा गुरुवारी होती. भट्टीपाशी वितळलेल्या लोखंडाचा दीड टन रस लॅडलमध्ये घ्यायचा, पन्नास मीटर न्यायचा, पंपांच्या साच्यांपाशी उभा करायचा. पास झाली तर सोमवारपासून कायमची जागा, नाही तर स्लोव्हेनियाची बस. आत्याला त्या दिवशी वर जायची परवानगी नव्हती. ती खाली खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या शेजारी ओतशाळेचा फोरमन मुर्सेल, आणि रोजगार कचेरीचे एनेस साहेब, नव्याकोऱ्या पांढऱ्या हेल्मेटात.

मेव्लिदा एकटीच वर बसली. तळहात इतके घामेजले होते की दांडा निसटत होता. तिनं ते मांडीला पुसले, परत धरले, परत पुसले. भट्टी कलली. माणूस उभा मावेल एवढ्या लॅडलमध्ये पिवळाधमक रस पडला आणि त्याचा उजेड तिच्या काचेपर्यंत आला. खाली झियादनं बोट गोल फिरवलं : चल.

ती निघाली. दहा मीटर. वीस. झियाद लॅडलच्या बाजूनं, थोडा पुढं, उलट्या पावलांनी चालत होता. तिला वाटलं, जमतंय की.

आणि हात वर गेला.

झियादचा नाही. पांढऱ्या हेल्मेटवाल्याचा. एनेस साहेबांचा उजवा हात डोक्याच्या वर, सरळ.

मेव्लिदानं क्रेन थांबवली. विचार केलाच नाही, हातानंच थांबवली. लॅडल मात्र थांबलं नाही. ते पुढं गेलं, मागं आलं, आणि कडेवरून रसाचा एक लोळ खाली सांडला. ठिणग्यांचा फुलबाजा उडाला, ओल्या वाळूतून पांढरा धूर उठला, आणि त्या धुरात झियाद दिसेनासा झाला.

हात दांड्याकडं धावले. लॅडल त्याच्यापासून दूर ओढावं, मागं न्यावं, काहीतरी करावं! पण तो कुठल्या बाजूला आहे? पुढं की मागं? एक चुकीची ओढ, की उरलेला रस त्याच्या अंगावर. तिनं हात उचलले आणि मांडीवर ठेवले. तिनं एका हातानं दुसरा दाबून धरला. 'मेला,' ती मनात म्हणाली. 'मी मारला त्याला.'

धूर विरला. झियाद खांबाआड एका पायावर उड्या मारत होता. बूट आपटत होता. जिवंत होता.

लॅडल हळूहळू स्थिर झालं. झियादनं वर बघितलं, चेहरा लालबुंद, आणि बोट गरागरा फिरवलं : चल, चल!

मेव्लिदानं भोंगा एकदा वाजवला. म्हणजे, विचारलं का?

त्यानं परत बोट फिरवलं. काहीतरी ओरडला, काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून ती शिवी होती हे कळलं. मुर्सेलही कमरेजवळून हातानं 'पुढं, पुढं' करायला लागला, रस थंड होतोय, पंपाच्या पातळ भिंती भरणार नाहीत. पिवळ्याचा नारिंगी रंग होत चालला होता आणि तो तिला वरून दिसत होता. चल म्हणायचा हक्क त्याचा, आणि तो चल म्हणतोय. पण त्यानं विचारलेलं नाही. पांढऱ्या हेल्मेटवाल्याला काय दिसलं होतं? साखळीची कडी? वर कुठं तडा? तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं परत भोंगा वाजवला आणि बसून राहिली.

शेवटी झियाद लंगडत साहेबांकडं गेला.

"काय दिसलं तुमाला?"

"मला?" एनेस साहेब चक्रावले. "काही नाही. हेल्मेट डोळ्यांवर येत होतं. मागं सारलं."

वाहिदाआत्यानं हात कपाळाला लावला.

झियादनं खूण केली. मेव्लिदानं लॅडल साच्यांपर्यंत नेलं, पण मुर्सेलनं मान हलवली. रस निवून वाया गेला होता. तो वाळूच्या खड्ड्यात ओतावा लागला. दीड टन.

ती शिडी उतरून खाली आली. एनेस साहेब कागदावर लिहीत होते. "विनाकारण थांबा," ते मोठ्यानं वाचत म्हणाले. "मालाचं नुकसान."

"इनाकारण?" आत्या उसळली. "साहेब, ह्या छपराखाली नमस्कार बी मानेनं करत्यात. हात वर गेला की गेला!"

"वाहिदा, गप," मुर्सेल म्हणाला. मग तो झियादकडं वळला. कागदावर सही मुर्सेलची आणि साहेबांची. पण क्रेनवर नवी बाई घ्यायची तर खालच्या माणसाला विचारल्याशिवाय या ओतशाळेत सही होत नसे. कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण मुर्सेलच्या बापाच्या वेळेपासून चालत आलं होतं. "झियाद, सोमवारी हिच्याखाली उभा राहशील?"

झियाद बाकावर बसून बूट काढत होता. चामड्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, मोजा काळा झाला होता. त्यानं अंगठा चोळला. विनोद केला नाही.

मेव्लिदाला वाटलं, नाही म्हणावं यानं. मनापासून वाटलं. आणि तोंडातून निघून गेलं, "झियादभाऊ, मला भीती वाटते. वर बसलं की वाटते. पहिल्या दिवसापासून. अर्जात मी खोटं लिहिलंय."

साहेबांचं पेन थांबलं. आत्यानं डोळे मिटले.

"म्हाईत हाय," झियाद म्हणाला. "खालनं तुमचं गुडघं दिसत न्हाईत व्हय आमाला? चार महिनं बघतोय." त्यानं बूट उलटा करून झटकला आणि तो मुर्सेलकडं वळला. "मी तिला चल म्हणत हुतो. न इचारता. आन तिनं माझं ऐकलं न्हाई." त्यानं कागदाकडं बोट केलं. "हुबा ऱ्हातो. कर सही."

मुर्सेलनं केली. एनेस साहेबांनी 'विनाकारण' खोडलं, त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना, ओळ मोकळीच सोडली आणि खाली सही केली. आत्यानं मेव्लिदाच्या पाठीवर थाप मारली, "रडतीस काय, येडे, पास झालीस."

झियाद एक बूट हातात घेऊन दवाखान्याच्या खोलीकडं लंगडत निघाला. मेव्लिदा त्याच्याकडं बघत राहिली. स्लोव्हेनियाची बस आता टळली होती. सहा महिने ती त्या बसला घाबरत होती. झियाद दाराआड गेला तरी तिची नजर हलली नाही. सोमवारी सकाळी सहाला तो लॅडलच्या बाजूनं उलट्या पावलांनी चालणार होता, आणि वर तिच्या शेजारी कुणीच नसणार होतं.