नरसिंहपूरला सोडवलेली शपथ

आधी माझी तक्रार लिहून घ्या. डॉ. वसुधाबाईंच्या गौरवग्रंथाच्या मंडळींचं पत्र आलं, त्यात लिहिलंय, ‘प्रसंग मंगल आहे, तरी आत्महत्या हा शब्द टाळावा.’ मग मी लिहायचं काय? बाई लोणचं चांगलं घालतात म्हणून त्यांचा सत्कार चाललाय का? जो शब्द घरात काढायला आम्ही मोठी माणसं भ्यायलो, तो बाईंनी पहिल्याच दिवशी सरळ विचारला. तो छापायचा, न्हायतर माझा लेख परत द्यायचा.

आता सर्वांना नमस्कार. मी काटेवाडीची, शाळा चौथीपर्यंत. वयानं बाईंपेक्षा बारा वर्षांनी मोठी. हे नातीला विचारून लिहितेय, शुद्धलेखनही तिनंच तपासलंय. तिचं नाव मात्र घालायचं नाही.

नात नववीत होती. जीव द्यायला गेली, दवाखान्यातून वाचून घरी आली आणि तिथल्याच डॉक्टरांनी आम्हाला बारामतीत बाईंकडं, मनाच्या डॉक्टरकडं, धाडलं. खुर्चीत बसायच्या आत मी बोलून घेतलं, "हिला कोण काय बोललं न्हाय. खायाप्यायला हाय. नाटकं करती."

बाईंनी माझ्या पायांकडं पाहिलं. "आजी, एका पायात तुमची चप्पल आहे, दुसऱ्यात बहुतेक सुनेची. नाटक बघायला कोणी असं निघत नाही."

मग त्या नातीकडं वळल्या. "आत्महत्येचा विचार अजून येतो का? आत्ता मरावंसं वाटतंय का?"

"व्हय," नात म्हणाली.

मला वाटलं, आता बाई देवाचं नाव घेतील, आईबापाचे कष्ट सांगतील. बाई म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. मरावंसं वाटतं हे खरं, आणि तरी इथवर आलीस हेही खरं. दोन्ही धरून काम करू." त्याच दुपारी त्यांनी माझ्या मुलाला घरी पाठवून फवारणीची औषधं आधी घराबाहेर काढायला लावली.

ह्या उपचाराला डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी म्हणतात. माझ्या तोंडात ते बसत नाही, मी ‘बाईंची शाळा’ म्हणते. शनिवारी पोरं आणि घरची माणसं एकत्र बसायची. आम्हालाही गृहपाठ. पोरगी काही बोलली तर शहाणपण शिकवायच्या आधी तिचं म्हणणं तिलाच परत सांगायचं, बरोबर ऐकलं का विचारायचं. मला ते जन्मात जमलं नव्हतं. जीव फार कालवला तर गार पाण्यात तोंड बुडवायचं, तेवढ्यानं अंग निवतं, असंही शिकवलं. मी ते सुनेवर चिडल्यावर करून बघितलं. सून म्हणाली, "आत्या, रोज करा."

नातीला एक कार्ड होतं. मरायचा विचार आज किती जोरात आला, त्याचा शून्य ते पाच आकडा रोज लिहायचा. आकडे बघून मला धीर निघेना. मी बाईंना न विचारता आमच्या घरच्या रीतीनं इलाज केला. पोरीला नरसिंहपूरला नेलं, भीमा-नीरेच्या संगमावर हातात पाणी दिलं आणि माझ्या जिवाची शपथ घालून घेतली, की असला विचार परत मनात आणायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून कार्डावर शून्य. मी गावभर ताठ मानेनं हिंडले.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. "आजी, घरात काय बदललं?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नातीला म्हणाल्या, "विचार यायचा थांबला, का लिहायचा थांबला?"

पोरगी माझ्याकडं बघत रडायला लागली. "आज्जी, आकडा लिवला असता तर तुज्या जिवाला काय झालं असतं म्हंजी?"

तीन आठवडे ती एकटीनं ते सोसत होती आणि तिचं तोंड मी बांधलं होतं. पोरीला गमावायची वेळ माझ्या हातानं आली होती. दुसरं कोणी असतं तर मला अडाणी म्हणून मोकळं झालं असतं. बाईंनी विचारलं, "तुमच्यात शपथ सोडवतात ना? मग जिथं घातली तिथं सोडवा. मी येते."

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, बाई आमच्याबरोबर जीपमध्ये बसून नरसिंहपूरला आल्या. मी पाणी सोडलं आणि म्हणाले, "सुटली. आता मनात यील ते बोल. माज्या जिवाला काय होत न्हाय, मी लय चिवट हाय."

नात म्हणाली, "चार."

बाई तिथंच घाटाच्या पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. ‘चार कधीपासून, त्याच्या आधी काय झालं, त्याच्या आधी काय,’ असं एकेक विचारत राहिल्या. दर्शनाची रांग दोनदा संपली, बाई उठल्या नाहीत. तेवढं ऐकून मी जीपमध्ये जाऊन बसले. मला बोलावलं नाही, तेच योग्य.

नात आता कॉलेजात आहे, मला उलट बोलते. अजून कधीतरी तीन येतो, चार येतो. पण आला की आम्हाला कळतो.

बाईंचा एक नियम आहे. पोरांनी काही करून बसायच्या आधी फोन करायचा, आणि बाईंनी तो उचलायचा. इंदापूरच्या एसटी स्टँडवर एका कानात बोट घालून एका पोराला अर्धा तास फोनवर धरून ठेवताना मी त्यांना पाहिलंय. त्यांची गाडी निघून गेली. पण आता बाई साठीच्या झाल्या, गुडघे बोलतात, जेवण तर पहिल्यापासून अर्ध्यावरच सुटतं. त्यांनी शंभरी बघावी अशी माझी इच्छा आहे, आणि ती बघायची तर एका माणसाच्या फोनवर दोन तालुक्यांची पोरं टांगून चालणार नाही. बाईंच्या हाताखाली चार वर्षं शिकून तयार झालेल्या रेहानाताई आहेत. पोरं त्यांना ओळखतात, माझी नातही त्यांच्याशी बोलते.

म्हणून मंडळींनो, सत्काराच्या दिवशी बाईंचा फोन बंद करायचा नाही आणि बाईंकडंही ठेवायचा नाही. तो रेहानाताईंच्या हातात द्या, त्यांना दारालगत बसवा. वाजला की त्यांनीच उचलायचा, आणि त्या बोलून होईपर्यंत माइकवर जो कोणी असेल त्यानं गप्प उभं राहायचं.